डेस्कटॉपवर लावायचा फोटो कसा निवडावा

सहलीहून परतल्यावर सगळ्यात झकास आलेला फोटो मोठ्या हौसेने कॉम्प्युटरवर लावला जातो आणि चौथ्या दिवशी तो नकोसा होतो. फोल्डरची नावं वाचता येत नाहीत, ज्याच्यासाठी फोटो लावला त्याच्याच कपाळावर रिसायकल बिन येऊन बसतो, किंवा मोबाइलवर लखलखीत दिसणारं दृश्य इथे फुटलेलं दिसतं. फोटोत खोट नसते, निवडीचा निकष चुकलेला असतो. भिंतीवर टांगायची तसबीर आणि जेवणाच्या टेबलावर घालायचा कपडा आपण एकाच नजरेने निवडत नाही. तसबिरीकडे थांबून बघायचं असतं, कपड्यावर ताटवाट्या मांडायच्या असतात. वॉलपेपर हा टेबलावरचा कपडा आहे. पुढची सगळी पथ्यं या एका गोष्टीतून निघतात.

आधी स्क्रीनचं माप काढा

फोटो शोधायला लागण्यापूर्वी आपल्या स्क्रीनवर आडवे आणि उभे किती पिक्सेल, म्हणजे चित्र ज्यांनी बनतं ते बारीक ठिपके, आहेत ते बघा. विंडोजवर डेस्कटॉपच्या मोकळ्या जागी राइट क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा आणि ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’पुढचा आकडा टिपून घ्या. तिथेच ‘स्केल’ म्हणून १२५ किंवा १५० टक्के असा आकडा असतो, तो इथे धरायचा नाही. त्याने अक्षरं मोठी होतात, स्क्रीनचे पिक्सेल तेवढेच राहतात. मॅकवर सफरचंदाच्या मेनूतल्या ‘अबाउट धिस मॅक’मधून आणि उबुंटूवर सेटिंग्जमधल्या ‘डिस्प्लेज’मधून हीच माहिती मिळते.

जुन्या, स्वस्त लॅपटॉपवर बहुधा १३६६ × ७६८ असतं. आज घराघरांत आणि ऑफिसांत सर्रास दिसतं ते १९२० × १०८०. मोठ्या मॉनिटरवर २५६० × १४४० किंवा ३८४० × २१६०, म्हणजे बोलीतलं ‘फोर के’. या सगळ्यांचं रुंदी-उंचीचं प्रमाण १६:९ आहे. नव्या लॅपटॉपपैकी बरेचसे १९२० × १२०० चे, म्हणजे १६:१० प्रमाणाचे, किंचित उंच असतात. २०२२ पासूनच्या १३ इंची मॅकबुक एअरवर २५६० × १६६४ असतं. आपला आकडा कोणता ते एकदा कळलं की निम्मं काम झालं, कारण ‘एचडी वॉलपेपर’ अशा नावाने जे काही मिळतं त्यातलं आपल्याला काय बसेल ते लगेच ठरवता येतं. पुढची उदाहरणं १९२० × १०८० धरून दिली आहेत. तुमचं माप वेगळं असेल तर आकडा बदला, रीत तीच.

फोटो पुरेल का, आणि कापल्यावर किती उरेल

इथे नवखा माणूस हमखास फसतो. फोटो स्क्रीनपेक्षा मोठा आहे एवढं बघून भागत नाही, कापल्यावर तो किती उरतो ते बघावं लागतं.

मोबाइलचा कॅमेरा फोटो काढतो ४:३ प्रमाणात, साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा. जाहिरातीत ५० मेगापिक्सेल (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल) लिहिलेलं असलं तरी नेहमीच्या सेटिंगवर असे बहुतेक फोन चार-चार पिक्सेल एकत्र करून १२ च्या आसपास मेगापिक्सेलचाच फोटो साठवतात, आणि वॉलपेपरला तो उत्तम पुरतो. हा आडवा फोटो १६:९ मध्ये बसवला की उरतात ४००० × २२५०. म्हणजे उंचीचा पाव भाग गेला. मोठ्या कॅमेऱ्याचा ३:२ प्रमाणातला ६००० × ४००० चा फोटो कापला की ६००० × ३३७५ उरतो आणि उंचीचा जेमतेम सहावा भाग जातो. उभा धरून काढलेल्या मोबाइल फोटोचं मात्र फार नुकसान होतं: ३००० × ४००० मधून आडवी पट्टी काढली तर ३००० × १६८७ एवढीच हाती लागते, निम्म्याहून जास्त चित्र गळून पडतं. पिक्सेल पुरतात, पण कळस कापलेलं देऊळ उरतं. म्हणून पुढच्या वेळी वॉलपेपर मनात ठेवून फोटो काढणार असाल तर फोन आडवा धरा आणि विषयाच्या वर-खाली मोकळी जागा सोडा. ती पुढे कातरीत जाणारच आहे.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो साध्या दर्जात पाठवलेला असेल तर त्याची लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेलवर आणून ठेवलेली असते. १६०० × १२०० मधून १६:९ कापलं की १६०० × ९०० उरतं, ते १९२० वर ताणलं जातं, आणि शिवाय पाठवताना फाइल लहान करण्यासाठी चित्र दाबलं गेल्याने पानांच्या कडा चुरगळल्यासारख्या दिसतात. ज्याने फोटो काढला त्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा पाठवायला सांगा. तसा पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी येते. सकाळच्या शुभेच्छा आणि सुविचार लिहिलेली चित्रं तर वॉलपेपर म्हणून बादच समजा: ती लहान असतात, शंभर हातांतून फिरून दाबली गेलेली असतात, आणि चित्रात लिहिलेली अक्षरं आयकॉनच्या अक्षरांशी भांडतात. फोटोच्या कोपऱ्यात छापलेली तारीख किंवा फोनच्या मॉडेलचं नाव हीदेखील अक्षरंच. कापून टाका.

जुन्या अल्बममधला कागदी फोटो लावायचा असेल तर गणित सोपं आहे. सहा बाय चार इंची फोटो ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केला की रुंदी होते ६ × ३०० म्हणजे १८०० पिक्सेल. थोडक्यासाठी कमी पडते. ६०० डीपीआयवर केला की ३६०० × २४००, आणि मग काही चिंता नाही. स्टुडिओवाल्याकडे किंवा झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून घेताना हा आकडा आवर्जून सांगा. जुने कृष्णधवल, तपकिरी छटेचे फोटो वॉलपेपर म्हणून फार चांगले दिसतात, कारण त्यांत एकच रंग असतो आणि रंगीत आयकॉन त्यावर आपोआप उठून दिसतात.

छोटा फोटो सॉफ्टवेअरने मोठा करू नये. जे तपशील कॅमेऱ्याने टिपलेच नाहीत ते वाढवण्याने येत नाहीत. उलट दिशेला मात्र मोठा फायदा आहे. ४००० पिक्सेलचा फोटो १९२० वर आणला की चार पिक्सेलचा सुमारे एक होतो आणि अंधारात काढलेल्या फोटोतले रंगीत दाणे बरेचसे विरून जातात. दिवाळीच्या रात्री काढलेला, दाणेदार वाटणारा आकाशकंदिलाचा फोटो १३६६ च्या लॅपटॉपवर देखणा दिसतो आणि फोर के मॉनिटरवर उघडा पडतो, त्याचं कारण हेच.

शांत जागा कुठे आहे

माप जुळलं की खरी निवड सुरू होते. विंडोजवर आयकॉन डावीकडून, वरून खाली मांडले जातात, मॅकवर उजवीकडून. त्यामुळे विंडोजवाल्याला फोटोचा डावा चौथा भाग शांत हवा, मॅकवाल्याला उजवा. शांत म्हणजे काय, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आयकॉनखालच्या नावातली अक्षरं दहा-पंधरा पिक्सेल उंच असतात आणि त्यांच्या रेघा एक-दोन पिक्सेल जाड. मागच्या चित्रातले तपशील याच मापाचे असले, म्हणजे गवताची पाती, खडी, गर्दीतली डोकी, झाडाच्या बारीक फांद्या, तर डोळ्याला अक्षर कोणतं आणि पातं कोणतं हे वेगळं करता येत नाही. तपशील खूप मोठे असले, जसं डोंगराची आडवी धार किंवा ढग, तर अडचण येत नाही. इतके बारीक की एकसंध वाटतात, जसं धुकं किंवा संथ पाणी, तरीही येत नाही. मधल्या मापाचा पसारा तेवढा टाळायचा. फायलींची नावं मराठीत देणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. आपले अनुस्वार, रफार, उकार जेमतेम दोन पिक्सेलचे असतात, आणि खडबडीत पार्श्वभूमी तेच आधी गिळते. मग ‘चिंता’ आणि ‘चिता’ यांत फरक राहत नाही.

विंडोजमध्ये आयकॉनचं नाव पांढऱ्या अक्षरात आणि त्याभोवती हलकी काळी सावली अशा रूपात येतं. म्हणून पांढरंशुभ्र आकाश, फेसाळ लाट, बर्फ यांवर ते फिकं पडतं. विंडोजचे फोल्डर पिवळे असतात, तेव्हा सोनकीने पिवळाधमक झालेला माळ किंवा भगव्या-पिवळ्या सूर्यास्ताचं आकाश डाव्या बाजूला आलं तर फोल्डर त्यात बुडून जातात. निळा, हिरवा, राखाडी, जांभळा यांच्या मध्यम छटा सगळ्यांत सोयीच्या.

आपल्याकडच्या ओळखीच्या दृश्यांना हा निकष लावून बघा. कळसूबाईसारख्या उंच माथ्यावरून पहाटे दिसणाऱ्या, एकामागे एक फिकट होत गेलेल्या सह्याद्रीच्या रांगा हा जवळजवळ आदर्श वॉलपेपर आहे. हवेतल्या बाष्पामुळे दूरची रांग जास्त फिकी दिसते, आकार मोजके आणि मोठे असतात, रंग एकाच कुळातले. कोकणकड्याचा फोटो घ्यायचा तर कड्याचा वळसा उजवीकडे आणि दरीतलं धुकं डावीकडे येईल असा निवडा. कासच्या पठारावरचा फुलांचा गालिचा छापील फोटोत डोळ्यांचं पारणं फेडतो आणि डेस्कटॉपवर डोकं उठवतो, कारण प्रत्येक फूल नेमकं अक्षराच्या मापाचं दिसतं. त्याच कासवर बसकण मारून जवळून काढलेला तेरड्याचा एकच तुरा, मागचं सगळं धूसर, हा मात्र मस्त चालतो. समुद्राच्या फोटोत क्षितिज वाकडं नाही ना हे आधी बघा. मोबाइलवर दोन अंशांचा कल लक्षात येत नाही, पण मॉनिटरच्या सरळ कडेशेजारी तो रोज खुपतो. फोटो कापताना, म्हणजे क्रॉप करतानाच, ‘स्ट्रेटन’ची पट्टी सरकवून तो काढता येतो.

सगळ्या जगाने पाहिलेलं एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. विंडोज एक्सपीबरोबर २००१ मध्ये आलेली हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. हा खराखुरा फोटो आहे. चार्ल्स ओरिअर यांनी जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात, रस्त्याच्या कडेला थांबून फिल्मवर काढलेला. त्या टेकडीवर एरवी द्राक्षवेली असायच्या, पण मुळांना लागणाऱ्या किडीमुळे त्या उपटून टाकलेल्या होत्या आणि पावसानंतर नुसतं गवत उगवलं होतं. वेली असत्या तर फोटोभर खांब आणि तारांच्या रांगा आल्या असत्या. त्या नव्हत्या म्हणून दोनच मोठे रंग, एक सौम्य वळण आणि मध्यावर काहीही नाही, असं चित्र मिळालं. कुठलाही आयकॉन कुठेही ठेवा, वाचता येतो.

मुख्य विषय कुठे यावा

माणूस, मंदिर, गाडी, पक्षी असा विषय असेल तर तो मधोमध नसावा. मधोमध विंडो उघडतात, त्यामुळे तो झाकलेलाच राहतो. विंडोजवर तो उजव्या तिसऱ्या भागात आणि उभ्या दिशेने मध्याच्या थोडा वर असावा. खाली टास्कबार असतो. विंडोज ११ मध्ये १०० टक्के स्केलवर तो ४८ पिक्सेल उंच असतो, म्हणजे १०८० पैकी साडेचार टक्के जागा झाकलेलीच. पाय, पायरी, होडीचा तळ त्याखाली जाऊ देऊ नका, तळाशी निदान शंभर पिक्सेल मोकळे ठेवा.

विषय डावीकडे असेल तर फोटो आरशासारखा उलटा करायची युक्ती आहे, जवळपास प्रत्येक फोटो ॲपमध्ये ‘फ्लिप’चं बटण असतं. निसर्गदृश्याला ती खुशाल वापरा. पण पाटी, दुकानाचं नाव, गाडीचा नंबर उलटा होतो, नेसलेल्या साडीचा पदर दुसऱ्या खांद्यावर जातो, ओळखीचा गड अनोळखी दिसू लागतो. आणि गणपतीचा फोटो उलटा केला तर डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. घरात कुणाच्या तरी ते लगेच लक्षात येतं.

देवाचा फोटो लावणाऱ्यांना आणखी एक अडचण असते: मूर्तीचे फोटो बहुतेक उभे असतात आणि स्क्रीन आडवी. स्क्रीन भरण्याच्या नादात मुकुट आणि पाट दोन्ही कापले जातात. त्याऐवजी फोटो पूर्ण ठेवा आणि बाजूची जागा एकरंगी सोडा. ३:४ प्रमाणातला उभा फोटो १०८० उंचीला बसवला की त्याची रुंदी ८१० होते आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी ५५५ पिक्सेल मोकळे राहतात. आयकॉनच्या चार-पाच उभ्या ओळी त्यात सहज मावतात आणि मूर्तीवर काहीच येत नाही. बाजूचा रंग फोटोतल्या मखराच्या किंवा पडद्याच्या गडद छटेशी जुळवला की जोड जाणवत नाही. विंडोजमध्ये हे ‘फिट’ हा पर्याय घेऊन आणि खालच्या यादीतला रंग निवडून होतं, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

अवकाशातून काढलेले पृथ्वीचे दोन प्रसिद्ध फोटो या बाबतीत शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. बिल अँडर्स यांनी २४ डिसेंबर १९६८ ला अपोलो ८ मधून काढलेल्या फोटोत चंद्राची राखाडी कड खाली आणि वरच्या काळ्या आकाशात अर्धी पृथ्वी आहे. भरपूर काळी, शांत जागा असल्यामुळे तो कापून स्क्रीनभर लावला तरी चालतो. १९७२ मधल्या अपोलो १७ मोहिमेतला पूर्ण गोल पृथ्वीचा फोटो चौरस आहे. तो स्क्रीनभर ताणला की ४४ टक्के उंची जाते आणि पृथ्वीच्या गोलाचा वरचा आणि खालचा भाग कापला जातो. तो ‘फिट’वर लावून बाजूला काळा रंग द्या. मूळ पार्श्वभूमी काळीच असल्याने जणू तसाच काढला होता असं वाटतं.

उजेड, रंग आणि डोळे

दिवसभर आपण पांढऱ्या पानांवर काम करतो, एक्सेल असो, ईमेल असो वा ब्राउझर. ती विंडो बंद केल्यावर मागे काळाकुट्ट किंवा डोळ्यांत घुसणारा पांढरा फोटो असेल तर डोळ्यांना दर वेळी धक्का बसतो. मध्यम उजेडाचा फोटो सगळ्यांत सुखाचा. शिवाय अगदी गडद फोटोवर चकचकीत स्क्रीनमध्ये आपलाच चेहरा आणि मागची खिडकी दिसते, आणि स्वस्त लॅपटॉपच्या पॅनेलवर मान जरा वर-खाली केली की अंधारातले रंग उलटेपालटे होतात.

काळ्या वॉलपेपरने बॅटरी वाचते हे सगळीकडे लागू नाही. साध्या एलसीडी स्क्रीनच्या मागचा दिवा काळ्या चित्रालाही तेवढाच जळतो. ओएलईडी स्क्रीनवर मात्र काळा पिक्सेल विझलेलाच असतो, तिथे बचत खरी आहे. ओएलईडीवर दुसरं पथ्य आहे: तेच भडक, ठळक चित्र महिनोन्‌महिने ठेवलं तर त्याचा ठसा पॅनेलवर उमटू शकतो. गडद छटेचे फोटो घ्या आणि ते बदलत राहा.

निरभ्र आकाशाच्या फोटोत कधीकधी पायऱ्यापायऱ्यांचे पट्टे दिसतात. जेपीजी फाइल जास्त दाबली की हे होतं, कारण हलकेच बदलणाऱ्या निळ्याच्या छटा मोजक्या पायऱ्यांत गोळा होतात. कमी दाबलेली मूळ फाइल मिळवणं हा पहिला उपाय. ती नसेल तर फोटोवर अगदी हलके दाणे, म्हणजे ‘ग्रेन’, घातले की पट्ट्यांच्या कडा मोडतात. मोबाइलवरच्या स्नॅपसीडपासून कॉम्प्युटरवरच्या गिंपपर्यंत फोटो सुधारायच्या बहुतेक ॲपमध्ये ती सोय आहे. दाणे दिसू लागले तर जास्त झाले.

कॅमेऱ्यात ‘ॲडोबी आरजीबी’ हा रंगविस्तार निवडलेला असेल तर डेस्कटॉपवर तो फोटो मरगळलेला दिसू शकतो. निर्यात करताना ‘एसआरजीबी’ निवडा, प्रश्न मिटतो.

फोटो तयार करण्याची कृती

आयफोनवर २०१७ पासून फोटो मूळ सेटिंगमध्ये एचईआयसी स्वरूपात साठतात आणि विंडोज ते काही वेळा उघडत नाही. आधी त्याची जेपीजी प्रत करून घ्या. पुढच्या फोटोंसाठी फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘कॅमेरा’, मग ‘फॉरमॅट्स’, मग ‘मोस्ट कंपॅटिबल’ असं निवडून ठेवलं की ही कटकट राहत नाही.

१. मूळ फाइलची प्रत करा आणि प्रतीवरच काम करा.

२. विंडोजच्या फोटोज ॲपमध्ये प्रत उघडून कंट्रोल आणि ई दाबा. क्रॉपमध्ये प्रमाण १६:९ ठरवा (तुमची स्क्रीन १६:१० असेल तर तसं) आणि चौकट वर-खाली सरकवून विषय हव्या त्या जागी आणा. हे काम विंडोजवर सोपवू नका. ‘फिल’ पर्याय जास्तीचा भाग स्वतःहून कापतो आणि कुणाचं डोकं कुठे आहे हे त्याला कळत नाही.

३. क्षितिज सरळ करा.

४. उजेड थोडा कमी करा. सुरुवातीला १५ ते २० ने कमी करून बघा, रंगांची तीव्रता १० ते २० ने. फोटो म्हणून तो थोडा मवाळ वाटेल. आयकॉनखाली तो नेमका बरोबर दिसतो. चेहरे असलेल्या फोटोत रंगांना हात लावू नका, माणसं आजारी दिसू लागतात.

५. डावी बाजू गजबजलेली आहे पण फोटो सोडवत नाही, अशा वेळी गिंपमध्ये फोटोवर एक नवा पारदर्शक थर घाला, त्यावर डाव्या कडेपासून चौथ्या भागापर्यंत काळ्यातून पारदर्शकात जाणारा ग्रेडियंट ओढा आणि त्या थराची अपारदर्शकता ४० ते ५० टक्क्यांवर आणा. संध्याकाळची सावली पडल्यासारखं दिसतं आणि अक्षरं वाचता येतात.

६. आकार नेमका स्क्रीनच्या मापाला आणा, म्हणजे १९२० × १०८०. त्यानंतरच हलकं शार्पन करा, म्हणजे कडा रेखीव करा, आधी केलं तर आकार कमी करताना ते वाया जातं.

७. जेपीजी ९० ते ९५ दर्जावर साठवा. विंडोज वॉलपेपर लावताना जेपीजीची स्वतःची आणखी दाबलेली प्रत बनवतं, म्हणून आपली फाइल आधीच फार दाबलेली नको.

लावताना

‘सेटिंग्ज’, मग ‘पर्सनलायझेशन’, मग ‘बॅकग्राउंड’. फोटो निवडल्यावर खाली बसवण्याचे पर्याय येतात. माप जुळवून फोटो तयार केला असेल तर ‘फिल’ ठेवा, काहीच कापलं जाणार नाही. ‘फिट’ पूर्ण फोटो दाखवतं आणि उरलेल्या जागी रंग भरतं. ‘स्ट्रेच’ कधीच नको: ४:३ चा फोटो १६:९ वर ताणला की माणसं तेहतीस टक्के रुंद होतात. ‘टाइल’ लहान नक्षीसाठी आहे. ‘सेंटर’ फोटो मूळ मापात मध्ये ठेवतं. ‘स्पॅन’ एकच फोटो सगळ्या मॉनिटरवर पसरवतं.

दोन मॉनिटर शेजारीशेजारी असतील तर ‘स्पॅन’साठी ३८४० × १०८० ची पट्टी लागते, म्हणजे ४००० × ३००० च्या फोटोची जेमतेम तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त उंची. डोंगररांगांचा, समुद्राचा लांबट फोटो यालाच योग्य. बरोबर मध्यावर दोन मॉनिटरच्या चौकटी येतात, तिथे माणूस किंवा शिखर नको. दोन्ही मॉनिटरची मापं वेगळी असतील तर स्पॅनच्या भानगडीत न पडलेलं बरं. ‘बॅकग्राउंड’ पानावर छोट्या फोटोवर राइट क्लिक केलं की कोणत्या मॉनिटरवर लावायचा ते निवडता येतं.

लॉक स्क्रीनला हाच फोटो चालेल असं गृहीत धरू नका. विंडोज ११ मध्ये तिथे घड्याळ वरच्या भागात मधोमध येतं, मग ती जागा मोकळी हवी.

फोटो कुठून मिळवावेत

स्वतःचे नसतील तर विकिमीडिया कॉमन्सवरची ‘फीचर्ड पिक्चर्स’ ही सगळ्यात भरवशाची जागा. तिथे निवडीसाठी साधारण २० लाख पिक्सेलची किमान अट आहे, आणि १९२० × १०८० म्हणजे २०.७ लाख पिक्सेल. त्यामुळे बहुतेक फोटो पुरून उरतात. फोटोखाली वेगवेगळ्या आकारांचे दुवे असतात, त्यांतली ‘ओरिजिनल फाइल’ घ्या. नासाचे बहुतेक फोटोही मुक्त वापरासाठी खुले आहेत. अनस्प्लॅश आणि पेक्सेल्स इथे विषयानुसार शोधता येतं, मात्र तिथे आडवे फोटो दाखवण्याचा पर्याय आधी निवडा. गूगलच्या चित्रशोधात दिसणारी छोटी प्रत उतरवून घेऊ नका, मूळ पानावर जाऊन मोठी फाइल मिळवा. स्वतःच्या स्क्रीनपुरता फोटो वापरणं वेगळं. ऑफिसच्या किंवा शाळेच्या पन्नास मशीनवर लावायचा असेल तर परवाना वाचा आणि मागितलं असेल तिथे छायाचित्रकाराचं नाव द्या.

लावल्यावर काय तपासावं

विंडोजची की आणि डी दाबून सगळ्या विंडो खाली घ्या. हातभर मागे सरून डोळे किलकिले करा. सगळ्यात आधी नजरेत काय भरतं? फोटोतला एखादा पांढरा ठिपका, लाल छत्री, चमकणारा सूर्य असेल तर तो रोज कामाच्या आड येणार. क्रॉप बदलून तो बाहेर काढा. मग नेहमीच्या अंतरावरून डेस्कटॉपवरच्या तीन फायलींची नावं वाचा. एक जरी वाचताना अडखळलात तर ती बाजू अजून शांत झालेली नाही. दिवसा खिडकी उघडी असताना आणि रात्री ट्यूबलाइटमध्ये, असं दोन वेळा बघा. दिवसाच्या उजेडात गडद फोटोतला अर्धा तपशील नाहीसा होतो.

आठवडाभर वापरल्यावर आयकॉन कुठे सरकवले गेलेत ते पाहा. एखाद्याचा चेहरा मोकळा राहावा म्हणून तुम्ही नकळत फायली इकडेतिकडे हलवल्या असतील तर विषयाची जागा चुकली आहे. दोन नंबरच्या पायरीवर जाऊन चौकट पुन्हा सरकवा, प्रत तुमच्याकडे आहेच.

एकाच फोटोचा कंटाळा येत असेल तर असे दहा-बारा तयार फोटो ‘पिक्चर्स’मध्ये एका फोल्डरमध्ये ठेवून ‘स्लाइडशो’ निवडा. एका मिनिटापासून एका दिवसापर्यंत मुदत ठरवता येते. एक दिवसच ठेवा. दहा मिनिटांनी बदलणारं चित्र कामात डोळ्याच्या कोपऱ्यातून हलल्यासारखं वाटतं आणि लक्ष खेचतं. फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवू नका, पेन ड्राइव्ह काढला की स्लाइडशोला फोटोच सापडत नाहीत. आणि ऑनलाइन मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवण्याचं काम रोजचं असेल तर घरच्यांचे फोटो या फोल्डरमध्ये घालू नका. त्या दिवशी कोणता फोटो वर येईल ते आधी कळत नाही.